वरची वीतभर माती

आमच्या घरातली सगळी माणसे नोकरीला लागली. शेतावर राहिले ते एकटे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणत असे, इथेही तसेच म्हणेन. तुम्ही त्यांना पाहिले ते खुर्चीत बसून क्रिकेट बघणारे, कमी बोलणारे म्हातारे म्हणून. ते नेहमीच तसे नव्हते, एवढे तरी तुम्हांला ठाऊक असावे.

कावेरीकाठी, तिरुवैयारूच्या पुढे, एका लांब पाटाच्या अगदी शेवटाला आपल्या जमिनीचे दोन तुकडे होते. एक भाऊजींच्या नावाचा, त्याला लागून पूर्वेचा तुमच्या आजोबांच्या नावाचा. दोन्ही कसत भाऊजीच. आपल्याकडे पाणी प्रत्येक शेताला वेगळे मिळत नाही. पाटातून ते पहिल्या शेतात शिरते, ते भरले की बांधाच्या तोंडातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. आमच्या रांगेत पहिले शेत शेजाऱ्याचे, दुसरे भाऊजींचे, तिसरे आमचे, आणि आमच्या पलीकडे निचऱ्याचा चर, ज्यातून जादा पाणी निघून जाई. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे जे झाले ते सगळे यातूनच झाले.

भाऊजी बी.ए. होते. पोस्टात जागा मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, या गोष्टीवरून त्यांना आयुष्यभर चिमटे काढत राहिली, पण शेताबद्दल दुसऱ्या कोणी वावगे बोललेले तिला खपत नसे. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. शनिवारी दुपारी सवड झाली की शहरातल्या राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीतून निघून बसने त्यांच्याकडे जाई. भाऊजी मला बांधावर थांबवत.

“वैनी, चप्पल काढा.”

“कशास?”

“काढा तरी. पायांस कळतें तें डोळ्यांस कळत नाही.”

पाय ठेवला की माती किंचित दबे आणि परत वर येई. जाऊ मागून म्हणे, “अक्का, घरांत आम्ही चिखलाचे पाय घेऊन आलों तर चालतें. शेतांत मात्र पाय धुवून जायचें.”

ही माती त्यांनी केलेली होती. आजूबाजूचे लोक म्हणत, इथली माती कावेरीने आणलेली, तिला तळ नाही, एक थर गेला तर आई दुसरा आणून घालील. भाऊजी म्हणत, आईच्या हातातली टोपली वर धरणात अडकून राहिली आहे, आमच्या जन्माच्या आधीपासून. गाळ तिकडे बसतो, आपल्याकडे येते ते नुसते पाणी. तेव्हा आता जी माती आहे ती आपणच राखायची. सांबा म्हणजे आपला लांब मुदतीचा भात. तो कापायला आला की कापणीच्या आधीच ते उभ्या पिकात उडीद फेकत. भात कापून नेईपर्यंत उडीद उगवून आलेला असे आणि उरलेल्या ओलीवर पुरा होई. मग उन्हाळ्यात रामनाथपुरमकडचे मेंढपाळ कळप घेऊन येत, ते रात्रीच्या मुक्कामाला शेतात मेंढ्या बसवत. त्यांच्याशी भाऊजींचे असे काही सख्य होते की इतरांच्या आधी ते आमच्याकडे उतरत. आणि पाटाला पाणी येण्याच्या बेताने ते धैंचा, म्हणजे तागासारखे हिरवळीच्या खताचे झुडूप, पेरून तो फुलायच्या आत चिखलात तुडवत. शेजारी युरियाची पोती आणी. गावात सगळे भाऊजींना मानाने सामी म्हणत. तो हसून म्हणे, “सामी, तुम्ही भाताच्या आधी मातीला जेवू घालता. भात उपाशी राहील एक दिवस.”

नव्वदच्या दशकात दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे पाणी येईनासे झाले. वर दोन राज्यांचे भांडण, त्यात पावसाने दगा दिला, की धरणाचे दरवाजे उशिरा उघडत; आणि उघडले तरी पाटाच्या शेवटाला जे पोचे त्याला पाणी म्हणायचे ते केवळ सौजन्य म्हणून. उन्हाळी लावणीचे कुरुवै भात तर आम्ही सोडूनच दिले. दुसरी गोष्ट म्हणजे पैसा हलू लागला. बँका घरासाठी कर्ज देऊ लागल्या, आखाती देशांतल्या मुलांनी पाठवलेल्या पैशावर गल्लोगल्ली मजले चढू लागले, तिरुवैयारूच्या रस्त्याला एकापाठोपाठ एक लग्नाची कार्यालये उभी राहिली. सगळ्यांना विटा हव्या होत्या. नदीकाठाने वीटभट्ट्यांचा धूर दिसू लागला. बसची खिडकी उघडी ठेवली की शाळेत पोचेपर्यंत माझ्या पांढऱ्या साडीवर बारीक काळे ठिपके पडलेले असत.

शेजाऱ्याने पहिल्यांदा शेत खणायला दिले. मी त्या शनिवारी तिथे होते. फावडी घेऊन माणसे उतरली होती, ट्रॅक्टर बांध फोडून आत शिरला होता. भाऊजी बांधावर उभे राहून पाहत होते. शेजारी जवळ आला. घराबाहेरचे बोलणे तमिळमध्ये, तसे हेही झाले; मी मराठीत देते.

“काय रे हे? शेत विकलेस?”

“शेत कशाला विकू, सामी? माती विकली. शेत इथेच आहे, जरा खाली बसले.”

“पण का?”

“पाणी वर चढत नाही ना. किती वर्षे बोलावले त्याला. मग म्हटले, तू चढू नकोस बाबा, मीच उतरतो.”

तो स्वतःच्या बोलण्यावर मोकळेपणाने हसला. तो वाईट माणूस नव्हता. आणि त्या वर्षी त्याचे बरोबर ठरले. पाटात घोट्याएवढे पाणी आले तरी त्याच्या शेतात घरंगळून जाई. उघड्या पिवळ्या मातीत त्याने पोत्यांनी खत ओतले आणि भात उभा केला. लोक लांबून पाहायला आले. पुढच्या उन्हाळ्यात पाटावरच्या आणखी शेतांत ट्रॅक्टर शिरले.

भाऊजींचे नुकसान तिथेच सुरू झाले. शेजाऱ्याचे शेत आता तळ्यासारखे खाली गेले होते. ते भरून पाणी पुढे यायचे, ते येईचना. भाऊजींचा सांबा पोटरीत येता येता सुकला. कापणी झाली ती वैरणीसाठी.

त्यानंतर ते आमच्या घरी आले. कॉफीचा पेला तसाच ठेवून म्हणाले, “अण्णा, मलाही उतरवावें लागेल.”

तुमचे आजोबा वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ. ते म्हणाले, “बोअर घाल.”

“घालीन. विजेची जोडणी तुम्ही देता काय? अर्ज केलेल्यांची रांग तिरुवैयारूपासून समुद्रापर्यंत आहे.”

“डिझेलवर चालव.”

“भात पिकवून डिझेलवाल्यास द्यायचा असेल तर चालवतों.”

“मग थांब एक-दोन वर्षें. पाणी येईल.”

“अण्णा, पाणी आलें तरी माझ्याकडे येणार नाही. त्याचें शेत आधीं पिणार. तेंच तर सांगतों आहे.”

मी म्हटले, “आणि माती? वरची माती गेली तर तुमचें काय राहील, भाऊजी?”

ते माझ्याकडे वळले. त्यांनी याचा विचार करून ठेवला होता. वरची वीतभर माती आधी सोलून काढायची आणि बाजूला ढीग करून ठेवायची. मग खालची हवी तेवढी भट्टीवाल्याने न्यावी. मग वरची माती परत पसरायची. शेत उतरेल आणि कातडी तीच राहील. त्यात आम्हां दोघांनाही चूक काढता आली नाही. आजही मी ती योजना मनात मांडून पाहते, आणि त्या दिवशी त्या खोलीत बसून तिच्यात दोष दाखवता आला असता असे मला वाटत नाही. आम्ही तिघेही पश्चिमेकडे पाहत होतो, जिकडून पाणी येते.

भट्टीवालाही लगेच कबूल झाला. म्हणाला, “सामी, वरची माती मला नकोच. तुमच्या मातीत शेण आणि काड्या. भट्टीत जळतात आणि वीट पोकळ होते. लोक मला शिव्या देतील.” हे सांगताना भाऊजींना राग आला होता की आनंद झाला होता, ते जाऊलाही कळले नाही. ती म्हणाली, “पहिल्यांदा कोणी तुमच्या मातीची परीक्षा केली, आणि नापास केली.”

वैशाखात काम सुरू झाले. सोललेली माती शेजाऱ्याच्या बांधाला लागून ठेवली. ट्रॅक्टर त्याच्याच शेतातून ये-जा करत, तिथे बांध फोडून उतार केला होता, म्हणजे परत पसरताना तीच वाट सोयीची पडणार होती. ढीग माणसाच्या डोक्यावर गेला. उन्हाने ती माती मरू नये आणि वाऱ्याने उडू नये म्हणून भाऊजींनी ढिगावर कुळीथ फेकला आणि जाऊने दोन्ही वेळा घागरीने पाणी शिंपले. कुळीथ उगवला. चहूकडे पिवळीफटक उघडी माती आणि मध्ये तो हिरवा लांबट ढीग. येणारेजाणारे विचारत, “सामी, समाधी कोणाची?” भाऊजी म्हणत, “समाधी नव्हे. झोपली आहे, उठवायची आहे.”

आषाढात खणणे जवळजवळ पुरे झाले, आणि भट्टीवाल्याचे ट्रॅक्टर यायचे बंद झाले. कुठल्याशा नव्या रस्त्याच्या भरावाचे मोठे काम त्याला मिळाले होते. तो पळाला नव्हता. निरोप पाठवला की जरा थांबा, माती परत पसरून देणे माझ्याकडे लागले. भाऊजी सायकलवरून दुसरे ट्रॅक्टर शोधत फिरले. पाटावरचे सगळे ट्रॅक्टर त्याच भरावाला लागले होते.

आणि मग पाणी आले. एरवी ज्या पाण्याची आम्ही पंचांग पाहिल्यासारखी वाट बघायचो, ते त्या वर्षी लवकर आणि भरपूर आले. वर कुठेतरी पाऊस झाला आणि धरण भरले. गावातल्या बायका पाटावर हळदकुंकू घेऊन गेल्या, जाऊही गेली, कारण पाण्याकडे पाठ फिरवायची नसते. मी सुट्टी असल्याने तिथेच होते. शेजाऱ्याच्या शेतातून पाणी त्या उताराच्या वाटेने भाऊजींच्या खड्ड्यात ओतू लागले. भाऊजी फावडे घेऊन उतारावर माती टाकत होते, ती टाकल्या टाकल्या वाहून जात होती.

“अडव रे पाणी,” ते शेजाऱ्याला ओरडून म्हणाले. “थोडे दिवस तोंड बंद ठेव. मला माती पसरू दे.”

“सामी, माझे रोप लावणीला आले आहे. इतक्या वर्षांनी पाणी आले आणि मी त्याला दार लावू?”

“माझे शेत बुडते आहे.”

“तुम्हांला पाणीच हवे होते ना?”

तो टोमणा नव्हता. तो खरोखरच गोंधळून विचारत होता. पाटाच्या शेवटाला राहणाऱ्या आमच्या लोकांपैकी कोणीच कधी पाण्याला थांब म्हटलेले नव्हते. बंद करायची भाषा आम्हांला येतच नव्हती.

पुढचे दिवस भाऊजी, जाऊ आणि मिळाली तेवढी माणसे टोपल्यांनी ढिगाची माती पाण्यात टाकत राहिली. ती बसेना. हलकी, भुसभुशीत, काडीकचऱ्याने भरलेली माती. पाण्यावर तपकिरी साय होऊन तरंगे आणि वारा नेईल तिकडे जाई. भाऊजींनी थांबायला सांगितले. म्हणाले, पाणी उतरू दे, मग पसरू.

ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या तोंडावर, समुद्रावरून वादळ आले. आपल्याकडचा खरा पाऊस तोच. गावात झाडे पडली, बस बंद झाल्या. रस्ता सुरू झाल्यावर तुमचे आजोबा आणि मी गेलो. ढिगाच्या जागी एक बुटका चिखलाचा ओघळ राहिला होता, त्यावर कुळथाच्या मुळ्या केसांसारख्या लोंबत होत्या. बाकीची माती काही खड्ड्यात, काही त्याच उतारावरून शेजाऱ्याच्या शेतात गेली होती. शेजारी गुडघाभर पाण्यात उभा होता, त्याचेही पीक बुडाले होते. तरी त्याला बोलल्यावाचून राहवले नाही. “सामी, तुमची लक्ष्मी माझ्याकडे पाहुणी आली. पण तिला बसायला पाट देऊ कुठे?”

तुमचे आजोबा छत्री टेकत बांधावरून पूर्वेला गेले. त्यांना काहीतरी पाहायचे होते. आमच्या तुकड्याच्या पलीकडे निचऱ्याचा चर होता. ते चराशी थांबले, मागे वळून भाऊजींच्या शेताकडे पाहिले, परत चराकडे पाहिले. मग छत्रीचे टोक चराच्या तळाला लावून त्यांनी छत्री तशीच आडवी आमच्याकडे धरली, जणू बंदुकीचा नेम.

“अरे,” ते म्हणाले, “चर तर वर आहे.”

 भाऊजी तिथवर गेले, स्वतः वाकून पाहिले. शेत उतरले होते, चर होता तिथेच होता. आत येणारे पाणी आता कोठूनही बाहेर जाऊ शकत नव्हते. भाऊजी बांधावर खाली बसले. तुमचे आजोबा त्यांच्यावर छत्री धरून उभे राहिले. तेव्हा पाऊस पडत नव्हता.

डिझेल इंजिन आणून पाणी उपसून पाहिले. उपसावे तितके शेजाऱ्याच्या बाजूने पाझरून येई. सांबा लावायची वेळ टळून गेली. त्या पौषात जाऊच्या घरी पहिल्यांदा विकतचा तांदूळ आला. तुम्हांला यात काही विशेष वाटणार नाही, तुम्ही जन्मापासून दुकानातलाच खाता. पण आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरात छापील पिशवीतला तांदूळ येणे हे घरात कोणी गेल्यासारखे होते. मी गेले तेव्हा तिने पिशवी पटकन परातीखाली लपवली. भात वाढताना म्हणाली, “अक्का, शिजतो पांढरा. पण तोंडांत घास घेतला की कोणाच्या घरीं जेवतों आहों कळत नाही.” आमच्या तुकड्यातला थोडा भात मी त्यांना द्यायला लागले, तर तिने हात जोडले. आमचाही त्या वर्षी फारसा झाला नव्हता.

उन्हाळ्यात खड्डा आटला. वरून पिवळी पापडी, तिच्या भेगांत हात जाई. भाऊजींनी धैंचा पेरला. इकडे एक झुडूप, तिकडे एक, दात पडलेल्या तोंडासारखे. उडीद उगवून दोन पानांवर थांबला. कृषी खात्याचा एक तरुण अधिकारी आला, त्याने माती हातात घेऊन चुरली आणि सरळ सांगितले की यात आता जीव नाही. शेणखत, हिरवळीचे खत घालत राहा, पण किती वर्षे ते मी सांगू शकत नाही. खोटा धीर न दिल्याबद्दल भाऊजींनी त्याला ताक पाजले. मेंढपाळ नेहमीच्या वेळेला आले. त्यांच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने बांधावरूनच पाहिले आणि म्हणाला, “सामी, मेंढ्या बसवायला चार काड्या तरी हव्यात. इथे त्या काय खातील? तुमचे तोंड पाहून बसतील का?” भाऊजी म्हणाले, एक रात्र तरी बसवा, पैसे घ्या. म्हातारा म्हणाला की पैसे मेंढ्या खात नाहीत, आणि कळप पुढे गेला. मला जाऊने नंतर सांगितले की कळप दिसेनासा होईपर्यंत ते बांधावर होते.

आता आमच्या तुकड्याची पाळी होती. आमची माती शाबूत होती, पण आमचे शेत भाऊजींच्या खड्ड्याच्या काठावर उभे राहिले होते. खड्ड्यातले पाणी इंजिनाने वर चढवून घातले की ते पश्चिमेच्या कडेने खड्ड्यात पाझरे आणि कड ढासळे. प्रत्येक पावसात बांधाचा एखादा लचका तुटून खाली पडे.

अशात भट्टीवाला आमच्या घरी आला. पान-सुपारी, सफरचंदे घेऊन आला होता. भाऊजी आधीच येऊन बसले होते. त्याने कॉफीचे तोंडभरून कौतुक केले.

“अम्मा, अशी कॉफी आता हॉटेलांत मिळत नाही. सगळीकडे चिकोरी.” मग तो तुमच्या आजोबांकडे वळला. “सर, ह्या सामींचे माझ्या हातून वाईट झाले. देवाला ठाऊक, मला नको होते. म्हणून बोलतो. तुमचाही तुकडा उतरवू. दोन्ही एका पातळीला येतील. या वेळी माती मी स्वतः उभा राहून परत पसरून देईन. आणि पलीकडचा चर माझ्या यंत्राने खाली नेतो. फुकट. मग सामींचे पाणी निघून जाईल. त्यांचे शेत परत शेत होईल.”

 ही लबाडी नव्हती, आणि म्हणूनच नाही म्हणणे जड होते. तुमच्या आजोबांनी चष्मा पुसला.

“तुझें शेत वाचत असेल तर माझें घे,” ते भाऊजींना म्हणाले. “मला काय, मी पेन्शनवर आहे.”

भाऊजींनी भट्टीवाल्याला विचारले, “चर किती लांब नेणार?”

“तुमच्या हद्दीपर्यंत.”

“पुढचा चर वरच राहील. पाणी तिथे अडेल.”

“मग पुढच्यालाही सांगू. तोही उतरवेल. त्याचेही भलेच आहे.”

“आणि त्याच्या पुढचा?”

“त्यालाही...”

“आणि त्याच्या पुढचा? असें उतरवत उतरवत समुद्रापर्यंत न्यायचें काय?” हे शेवटचे त्यांच्या तोंडून मराठीत आले. भट्टीवाल्याला कळले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. मी तमिळमध्ये सांगितले. त्याने हात पसरले आणि सफरचंदांची पिशवी माझ्या बाजूला सरकवली.

भाऊजी म्हणाले, “अण्णाच्या मातीला हात लावायचा नाही.”

“मग तुमचे शेत गेले, सामी.”

“हो. गेले.”

हा शब्द त्यांनी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. जाऊ तिथे नव्हती. नंतर मी तिला सांगितले तेव्हा ती कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, “आपलें पान वाढायचें सोडून दुसऱ्याच्या पानावर माशा हाकतात. घराणेंच ह्यांचें तसें.” आणि दुसऱ्या दिवशी तीच टोपली घेऊन त्यांच्यामागे शेतावर गेली.

त्या उन्हाळ्यात खड्ड्याचा तळ आटला तेव्हा दोघांनी आणि मजुरांनी तो खरवडला. ढिगातून वाहून गेलेल्या मातीतली थोडी तिथल्या खोलगट कोपऱ्यात काळी साय होऊन बसली होती. ती त्यांनी आमच्या तुकड्यात नेऊन टाकली. खालच्या चिकणमातीचा रुंद बांध त्यांनी दोन तुकड्यांच्या मध्ये घातला, स्वतःच्या हद्दीत, चांगला बैलगाडी जाईल एवढा रुंद. त्याच्या उतारावर वाळा लावला. वाळ्याची मुळे खोल जातात आणि माती धरून ठेवतात. पावसाळ्यात भाऊजींचे शेत पाण्याने भरले, पण आमची कड ढासळली नाही. हळूहळू त्या पाण्याला लव्हाळा लागला. बगळे आले. तुम्ही लहानपणी तिथे दगड मारून उड्या मोजत होतात, ते तळे म्हणजे तेच.

आमच्या तुकड्यात त्यांनी पूर्वीसारखेच सगळे केले; पाणी तेवढे त्या तळ्यातून इंजिनाने वर घेत, उथळ असल्याने डिझेल थोडेच लागे. उभ्या पिकात उडीद, मेंढ्या, धैंचा. बांधानंतरचा पहिला सांबा निघाला, आणि थै महिन्यात, संक्रांतीच्या सुमारास, एक टेम्पो राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत शिरला. गल्ली अरुंद, टेम्पो अडकला तेव्हा शेजारपाजारची माणसे बाहेर आली. मागे भाताची पोती, त्यांवर भाऊजी बसलेले.

“वैनी, ठेवायस जागा दाखवा.”

“एवढें कशास? आम्ही दोघें खाणार किती?”

“खायचें तें तुमचें तुम्ही पाहा. हा मालकाचा वाटा.”

तुमचे आजोबा बनियनवरच बाहेर आले होते. “कोण मालक?”

“शेत तुमचें आहे अण्णा.”

“वेडा झालास काय? इतकीं वर्षें आम्हांस खाण्यापुरतें देऊन बाकी तूच नेत होतास सगळें.”

“तेव्हां माझेंही शेत होतें. दोन्ही मिळून एकच करत होतों. आतां माझें नाही. आतां मी कूळ. कुळानें वाटा घालायचा असतो.”

ते रागाने बोलत नव्हते, कडवटपणेही नाही. हिशेब समजावून द्यावा तसे बोलत होते. समोरच्या ओट्यावरची बाई ऐकत होती.  तुमच्या आजोबांना रडू येत होते आणि गल्लीत माणसे उभी होती. ते आत गेले नाहीत, पुढेही आले नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

टेम्पोवाल्याला पुढचे भाडे होते. त्याने भोंगा वाजवला आणि विचारले की किती उतरवायची.  मी म्हटले, “एक.”

“वैनी...”

“एक. आणि उरलेलीं घरीं न्या. आधीं घरांतली विकतची पिशवी रिकामी होऊं द्या.”

हमालाने एक पोते उतरवून ओसरीत ठेवले. टेम्पो उलटा गल्लीबाहेर निघाला. भाऊजी त्यावर परत चढले नाहीत. टेम्पोपुढे चालत, हाताने डावे-उजवे दाखवत, तो भिंतींना घासणार नाही एवढे पाहत ते रस्त्यापर्यंत गेले.

त्यानंतर गुडघे चालले तोवर ते आमचे शेत कसत राहिले. दर वर्षी ते वाट्याची सगळी पोती आणत आणि मी एक ठेवून बाकीची परत पाठवी.